मौनाचा गुरुवार

अद्वैत आपल्याला समजलं आहे, असं मला अगदी मनापासून वाटत होतं, त्या दिवसांतला हा अनुभव आहे. मला शंका नव्हती. शंका होती ती आमच्या हिला. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी मुलुंडला घराजवळच्याच एका अभ्यासवर्गाला जाऊ लागलो होतो. दिसतं ते सगळं दृश्य, पाहणारा त्याहून वेगळा, आणि आणखी खोल गेलं की पाहणारा आणि दिसणारं हेही दोन नाहीत, सगळीकडे एकच चैतन्य, असा तो विषय. मला तो चांगला जमायचा. नव्याने येणाऱ्यांना समजावून सांगायचं काम वर्गाचे गुरुजी हळूहळू माझ्याकडे सोपवू लागले होते आणि मी ते आवडीने करत होतो. घरी मात्र माझी डाळ शिजत नव्हती.

हिचं माहेर मालवणकडचं. वडील गिरणीत होते, बालपण लालबागच्या चाळीत गेलं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. मुंबईत जन्म काढला, पण राग आला किंवा मस्करी करायची लहर आली की मालवणीच बाहेर पडायची. एकदा मी ध्यानात असताना गॅसवरचं दूध उतू गेलं. बाजारातून आल्यावर ती ओटा पुसत म्हणाली, "सगळा एकच आसा म्हणतास ना, मगे दूध उतू गेला तेव्हा तुमचो ब्रह्म खंय गेल्लो?" मी तिला मोठ्या प्रेमाने समजावलं, की दूध हे दृश्य आहे. तिने फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हेही दृश्यच आहे, घ्या.

तरीही दर गुरुवारी ती माझ्यासोबत मौन पाळायची. सकाळी उठल्यापासून दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही, फोन बंद ठेवायचे, असा मी आमच्या घरात नियम घातला होता. तिचा त्यावर विश्वास होता असं नाही. नवऱ्याच्या व्रतात बायकोने अर्धा वाटा उचलायचा असतो, एवढंच तिला ठाऊक होतं. सुरुवातीला तिचा जीव गुदमरायचा. मग ती खुणा करण्यात इतकी तरबेज झाली, की भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा हातवारे करून व्हायची. मला बोलवायचं असलं की बांगड्या वाजवायची. मी वर्गात अभिमानाने सांगायचो, की घरात दोन माणसं एकाच शांततेत बसतात तेव्हा अद्वैत पुस्तकातून बाहेर येतं. तेव्हा मला हे वाक्य फार चांगलं वाटायचं.

लग्नसराईचे दिवस होते. त्या गुरुवारी ती नेहमीसारखी उठली, पूजा केली, आणि मी हॉलच्या कोपऱ्यात आसनावर बसलो. गॅलरीत ती कपडे वाळत घालत होती. बांगड्यांचा आवाज येत होता, तोही नंतर लांब गेला. ध्यान त्या दिवशी फार सुरेख लागलं होतं. आत कुठेतरी भांडं पडल्यासारखा आवाज झाला. मी मनात म्हटलं, आवाज उमटला, आवाज विरला. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर तिचा हात पडला, जरा जडच. घशातून काहीतरी अर्धवट आवाजही आला. मला वाटलं, ही आता मौन मोडणार. तिचं मौन टिकावं म्हणून मी डोळे आणखी घट्ट मिटले आणि तसाच, न बघता, तिच्यासाठी हसलो. हात थोडा वेळ राहिला आणि मग निघून गेला. हे लिहितानाही त्या खांद्यावर मला तो हात जाणवतो आहे.

मग दाराची बेल वाजली. पुढचं थोडं मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं आणि बाकीचं नंतर दारात आलेल्या बाईंनीच मला सांगितलं. बाई घाटकोपरहून आल्या होत्या, मुलाच्या लग्नाची आमंत्रणं करत. आमच्या शेजारच्या विंगमध्ये त्यांचे कुणी नातेवाईक राहत होते आणि त्या विंग चुकून आमच्या दारात उभ्या होत्या. दार हिने उघडलं. आपण भलत्याच घरी आलो हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. पण दारात सवाष्ण उभी, पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा. अशा वेळी नुसतं सॉरी म्हणून माघारी फिरायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी हिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि करंडा हिच्यापुढे धरला. आता हिने त्यांना लावायचं. हिने डावा हात पुढे केला.

डाव्या हाताने कुंकू कुणी कुणाला लावत नाही. बाई चमकल्या. हिलाही ते कळलं असावं, कारण हात अर्ध्यावर थांबला आणि ती आपल्याच उजव्या हाताकडे बघू लागली. तो खाली लोंबत होता. डाव्या हाताने तिने त्याचं मनगट धरून उचललं, करंड्यापर्यंत आणलं, आणि करंडा निसटून खाली पडला. तो आवाज मी ऐकला. "काकू, काय होतंय तुम्हाला?" हेही ऐकलं. दारात कुणीतरी आलंय आणि ही मौनात आहे म्हणून उत्तर देत नाही, एवढाच अर्थ मी त्याचा लावला. मग पावलं घरात आली आणि माझ्या अगदी समोर थांबली.

"काका, आधी डोळे उघडा," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. फरशीवर कुंकू सांडलं होतं. ही भिंतीला टेकून उभी होती, तिच्या ओठांची उजवी कड खाली उतरली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मी उठायला गेलो, तर पायांना मुंग्या आलेल्या, धडपडत गुडघ्यांवरच तिच्यापर्यंत पोचलो. "अगं, बोल, काय होतंय?" मी म्हणालो. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिचं मौन केव्हाच संपलं होतं आणि तिला बोलता येत नव्हतं.

ॲम्ब्युलन्सला फोन करू म्हटलं तर माझा फोन बंद, तो सुरू व्हायला युगं लागल्यासारखी वाटली. बाईंनी वेळ घालवला नाही. खाली त्यांची गाडी होती. आम्ही दोघांनी हिला धरून लिफ्टने उतरवलं आणि मागच्या सीटवर बसवलं. त्या स्वतः गाडी चालवत होत्या. हॉस्पिटल पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. रुळांवरचा पूल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही आणि पुलावर गाड्या एकामागे एक चिकटून उभ्या. बाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. काच खाली करून त्या पुढच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगत होत्या, "भैया, पेशंट आहे, साइड दे ना जरा." मी मागे हिचं डोकं छातीशी धरून बसलो होतो. तिचा उजवा हात मांडीवरून सारखा खाली घसरत होता आणि मी तो उचलून पुन्हा मांडीवर ठेवत होतो.

मला वाटलं होतं, असा प्रसंग येईल तेव्हा अभ्यास कामाला येईल. सवयीने मी आत म्हणायला लागलो, हे शरीर मी नाही, हे दृश्य आहे, मी पाहणारा. स्वतःच्या दाढदुखीत, गुडघेदुखीत हे मी शेकडो वेळा म्हटलं होतं. पण तिच्या घसरणाऱ्या हाताकडे बघून ते म्हणता येईना. मनात आलं, हिला सांगू का की हे शरीर तू नाहीस? त्या विचाराचीच मला शिसारी आली. मला भयंकर भीती वाटत होती. ती आत्ताच्या आत्ता गेली तर शेवटचं आपण तिला काय दिलं, मिटलेल्या डोळ्यांचं हसू. गाडी एक हात पुढे सरकायची आणि थांबायची.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी हिला स्ट्रेचरवर घेतलं, हात उचलायला सांगितला, डोळ्यांत बॅटरी मारली, स्कॅनला पाठवलं, आणि हे सगळं चालू असतानाच मला विचारलं, "शेवटच्या नीट कधी बोलल्या?"

मी म्हणालो, काल झोपताना. सकाळपासून? सकाळपासून आमचं मौन होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांच्या पेनची हालचाल थांबली. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली असावी, ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांतच देता येतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कधी सुरू झालं हेच माहीत नसेल तर त्यांना काल रात्रीपासून वेळ धरावी लागणार होती, आणि तसं धरलं तर इंजेक्शन देता येणार नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, सकाळी त्या काही करत होत्या का, तुम्ही त्यांना पाहिलंत का? मी आठवायचा प्रयत्न केला. पूजेची घंटा ऐकली होती. गॅलरीत बांगड्या ऐकल्या होत्या. पाहिलं नव्हतं. ज्या बाईसोबत माझं आयुष्य गेलं, तिला त्या सकाळी मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. केव्हाची घंटा, केव्हाच्या बांगड्या, तेही सांगता येईना. ध्यान लागलं की वेळेचं भान राहत नाही, ही मी वर्गात सांगायची गोष्ट होती.

डॉक्टरबाई वळणार तेवढ्यात त्या बाई आत आल्या. गाडी लावायला जागा मिळत नव्हती म्हणून त्यांना उशीर झाला होता. साडीवर कुंकवाचा मोठा डाग तसाच होता. काय विचारताहेत ते त्यांनी ऐकलं आणि सरळ म्हणाल्या, "मी पाहिलंय ना त्यांना. खाली उभी होते, तर ह्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मीच त्यांना विंग विचारली."

हिने उत्तर कसं दिलं असतं, मौनात? तिने हात उंच करून खूण केली होती, मागच्या बाजूने वळसा घालून जा अशी. बाईंना वाटलं, जिन्याने वर या म्हणतेय. पुढे वाटेत कुणा ओळखीच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना अडवून गप्पांत धरलं आणि मग त्या वर आल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, कोणता हात? बाईंनी स्वतःचा उजवा हात वर करून तसाच फिरवून दाखवला. नक्की उजवा? नक्की, म्हणाल्या, बांगड्या वाजल्या म्हणून तर मी वर बघितलं. आणि त्या वेळी त्या विंगचं विचारायला आपल्या नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या, त्यामुळे फोनमध्ये वेळही होती. डॉक्टरबाईंनी तो फोन हातात घेऊन बघितला, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आहे. वेळ आहे."

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. आता निर्णय माझा होता. इंजेक्शनने गाठ विरघळू शकते, पण धोका अगदीच नाही असं नाही, आणि विचार करायला फार वेळ नाही. मुलगी पुण्याला, तिचा फोन लागत नव्हता. मी हिच्याजवळ गेलो. ती छताकडे बघत होती आणि तिचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. मला कळेना ती काय शोधतेय. मग कळलं, ती आपला उजवा हात शोधत होती. मी माझा हात तिथे ठेवला. तिने तो पकडला, चाचपला, आणि तोच आपला समजून पोटावर घेऊन शांत झाली.

कित्येक दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. दुसरा कुणी नाहीच तर मागायचं कुणाकडे, असं माझं म्हणणं असायचं. देवपूजा ती करायची, मी तिथे जरा वरच्या पायरीवर उभा असल्यासारखा नमस्कार करायचो. त्या क्षणी माझं सगळं म्हणणं गळून पडलं. तिच्या हातातला माझा हात न सोडता मी डोळे उघडे ठेवूनच म्हणालो, तुझं आहे, तू बघ. कुणाला म्हणालो ते मला माहीत नाही. अद्वैतात ते बसतं की नाही, याचाही विचार केला नाही. दुसऱ्या हाताने सही केली, वेडीवाकडी झाली. डॉक्टरबाईंनी ती चालवून घेतली.

पुढचे तास मी बाकावर बसून काढले. बाई बराच वेळ सोबत होत्या. मुलीला फोन त्यांनीच लावून दिला. त्यांची उरलेली आमंत्रणं त्या दिवशी राहिलीच. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्या संकोचून मागे सरकल्या. मी म्हणालो, तुम्ही देवासारख्या आलात. त्या म्हणाल्या, "अहो काका, मी कसली येतेय, मी विंग चुकले." आणि गेल्या. त्या खरंच विंग चुकल्या होत्या, यात मला शंका नाही. मी त्याहून जास्त काही सांगत नाही. फक्त एवढं लिहून ठेवतो, की माझ्या मौनाने जे दार बंद केलं होतं ते हिच्या मौनाने, तिच्या त्या एका हाताच्या खुणेने, उघडलं. यात कुणाची करणी किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

संध्याकाळी तिच्या उजव्या पायाची बोटं हलली. दुसऱ्या दिवशी ओठ बराचसा सरळ झाला. हाताला मात्र वेळ लागणार होता आणि बोलण्याचं काही सांगता येत नव्हतं. ती वाचली होती, पण आमच्या घरातला तो अखंड पट्टा परत येईल की नाही, या भीतीने मी रोज जागा व्हायचो. मला शांतता हवी असायची ना? ती आता हवी तेवढी होती. मी तिच्या पलंगाजवळ बसून वाट्टेल ते बडबडायचो, सोसायटीतल्या भानगडी सांगायचो, ती ऐकायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. एकदा मी मुद्दाम तिला चिडवायला म्हणालो, आता माझं ध्यान काय झकास लागेल. तिने डाव्या हाताने मला चापट मारली. त्या चापटीने मला केवढं बरं वाटलं, ते कुणाला सांगून कळणार नाही.

मग वाचा-उपचार करणाऱ्या एक ताई येऊ लागल्या. पेला, चावी, कंगवा अशा वस्तू दाखवून त्या नावं विचारायच्या. पेल्याला ती 'पाणी' म्हणाली, चावीला 'दार' म्हणाली. शब्द येत होते, पण शेजारच्या घरात शिरत होते. ताई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "आणि हे कोण?"

माझं नाव तिने कधी घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, मग 'अहो'. मला वाटलं, तेच म्हणेल. ती माझ्याकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडली, ओठ हलले, शोध चालू होता. मग तिने अगदी खात्रीने सांगितलं, "मी."

ताई हसल्या. "नाही काकू, तुम्ही इथे. हे कोण?" तिने पुन्हा माझ्याकडेच बोट केलं आणि जरा चिडूनच म्हणाली, "मी." ताईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की या आजारात असं होतं, मी-तू, तो-ती यांची गल्लत होते, हळूहळू सुधारेल, काळजी करू नका. मला ते पटलं. आजारच होता तो. पण मी व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून खूप रडलो. इतकी वर्षं हा एक शब्द मी किती वर्गांत, किती तऱ्हांनी समजावून सांगितला होता, आणि तो असा समोर बोट करून, आठी घालून म्हणणं मला एकदाही जमलं नव्हतं.

तिची ती गल्लत यथावकाश सुधारली. आता ती बोलते, अडखळत, पण बोलते, आणि मालवणी आधी परत आली. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून सकाळी तिचे केस मी विंचरतो. वर्गात मी आता समजावून सांगत नाही, मागे बसून ऐकतो. ज्याने त्या बाईंना आमच्या दारात आणलं त्याला रोज हात जोडतो आणि त्याचं नाव काय ते विचारत नाही. समर्पण म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे, की पूर्वी मी सगळं सोडून बसायचो आणि आता धरून बसतो, आणि धरलेलं आपलं नाही हे तेव्हाच कळतं. तिचे केस दाट आहेत, फणी अडकते, गुंता ओढला जातो. तेव्हा 'स्स' असं कुणीतरी कळवळतं आणि ती मान वळवून हसायला लागते, कारण ओढले गेलेले असतात तिचे केस आणि कळवळलेला असतो मी.